साडूसाहेब नावाचा घोडा

सगळं भांडण एका क्रियापदावरून होतं.

अक्काच्या धाकट्या भावाने घराण्याचा इतिहास लिहिला होता. दोनशे बारा पानं, शिवाय फोटो. हा भाऊ जन्मभर विमा कंपनीत तपासनीस. लोकांची जळालेली दुकानं आणि बुडालेल्या मोटारी बघायच्या, टेपने मोजायच्या, 'नामंजूर' असा शिक्का मारायचा आणि घरी येऊन शांतपणे जेवायचं, यात त्याची पस्तीस वर्षं गेली. इतिहासही त्याने त्याच हाताने लिहिला. पणजोबांनी नुसत्या हातांनी वाघ लोळवला होता हे घरातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक; पुस्तकात आलं, 'पणजोबांना एकदा मांजर चावले.' एका चुलत आजोबांच्या शिंकेने शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि कामगार सुट्टी झाली म्हणून घरी जायचे. पुस्तकात आलं, 'यांना सर्दीचा त्रास होता.' आणि पान एकशे सत्तेचाळीसवर, अक्काच्या फोटोखाली, एकच ओळ: 'अक्का एकदा लाँड्रीच्या गच्चीवरून घसरली.'

घसरली!

तीन दिवस अक्काला अन्न गोड लागलं नाही.

खरं काय ते आधी सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी अक्का शहरातल्या सगळ्यात मोठ्या लाँड्रीत वाळवणीच्या गच्चीची मुकादम होती. आठ हॉटेलांच्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या. त्यातली एक चादर एवढी मोठी, की तिच्यावर चौघं झोपले तर सकाळी एकमेकांना शोधायला पत्ता विचारावा लागायचा. त्या दुपारी वारा असा सुटला होता, की बँकेच्या पहारेकऱ्याची डावी मिशी उजव्या गालावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत परत आली नाही. अक्काने ती चादर दोन टोकांना धरून झटकली, आणि वारा खालून आत शिरला. दुसऱ्या कुणी चादर सोडून दिली असती. पण हातातलं धुतलेलं कापड जमिनीला लागू द्यायचं नाही, हा अक्काच्या गच्चीचा पहिला नियम. आणि नियम तिनेच केलेला. तिने चादर धरून ठेवली. चादरीने तिला धरलं. कठडा खाली गेला, रस्ता खाली गेला, आणि अक्का समोरच्या गादीवाल्याच्या गच्चीवर, उन्हात टाकलेल्या अठरा गाद्यांवर अलगद उतरली. वाटेत तिने चौकातल्या हवालदाराला मान लववली, अंबाड्यातून सुटलेली बट आत खोचली आणि औषधवाल्याच्या पाटीवरची शुद्धलेखनाची चूक वाचली. निदान ती तसं सांगायची.

पुरावा मात्र शून्य. लाँड्रीतले सगळे जेवायला बसलेले, हवालदाराचं तोंड दुसरीकडे, आणि गादीवाला त्या अठरापैकी सातव्या गादीवर घोरत पडलेला. संध्याकाळी हा तपासनीस भाऊ टेप घेऊन आला. रस्त्याची रुंदी मोजली, तेवीस फूट. गाद्यांची उंची मोजली. अक्काच्या चपलांचे तळवे उलटे करून पाहिले. मग म्हणाला, "अर्जदार रस्ता पायी ओलांडून गादीवर झोपला असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

बावीस वर्षं तो हेच म्हणत आला. पुस्तकात त्याने 'घसरली' लिहिलं तेच मुळी मोठ्या मनाने. सख्खी बहीण, म्हणून निम्मा क्लेम मंजूर केला होता.

"पुरावा दे, शब्द बदलतो," त्याने सांगितलं होतं. "शनिवारी पाचला छापखान्याला फोन करायचाय. तोवर दिलास तर 'उडाली'. नाही दिलास तर 'घसरली', आणि खाली तुझी सही. वाचलं, मान्य आहे."

अक्का अडुसष्ट वर्षांची. तिची नातवंडं, पतवंडं, त्यांची पोरं, सगळी तिला पान एकशे सत्तेचाळीसवरून ओळखणार होती. घसरलेली बाई म्हणून.

आणि शनिवारी दुपारी दीड वाजता सून दारातून ओरडतच आत आली. "अक्का! अहो अक्का! तुम्ही सापडलात!"

अक्काची सून लिफ्ट दुरुस्त करायची. तिचा नवरा, म्हणजे अक्काचा मुलगा, बोटीवर असायचा. वर्षातले आठ महिने सासू-सुनाच घरात, आणि दोघींचं इतकं जमायचं की शेजाऱ्यांना बोलायला विषय उरत नसे. सूनबाईच्या निळ्या कामाच्या कपड्यांवर ग्रीसचे डाग होते आणि हातात एक डीव्हीडी होती.

"मी घरातच आहे," अक्का म्हणाली. "सापडले काय?"

"सकाळी एक जण अडकला होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, सात खोक्यांसकट. लग्नाचं शूटिंग करणारा. दुकान बंद करून सामान घेऊन चालला होता. मी वरून दोर बघतेय, तो आतून रडतोय. म्हटलं काका, काहीतरी बोलत राहा. आयुष्यात सगळ्यात विचित्र काय शूट केलंत ते सांगा. तर म्हणाला, बावीस वर्षांपूर्वी एका जोडप्याने माझी डीव्हीडी घ्यायला नकार दिला होता."

"का?"

सूनबाईने डीव्हीडी पुढे धरली. पाकिटावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'बाद. मागून बाई उडते.'

अक्का खाली बसली. खुर्ची जरा लांब होती, त्यामुळे जमिनीवरच बसली.

"आख्ख्या शहरात अशी बाई एकच, अक्का! त्याला बाहेर काढायच्या आधी मी फटीतून डीव्हीडी मागून घेतली."

"बघितलीस?"

"कशावर बघू?"

इथे सगळं अडलं. घरातला डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेला होता. सूनबाई गल्लीभर फिरून आली. एकशे चार घरांतले सगळे प्लेअर भंगारात जाऊन, वितळून, कढया होऊन परत आले होते. शेजारणीने आपला नवा लॅपटॉप आणला. अक्काने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पूर्वी जिथे तोंड असायचं तिथे आता गुळगुळीत गाल होता.

"म्हणजे मी या डब्यात आहे," अक्का पाकीट हलवत म्हणाली, "आणि मला बाहेर काढायला दारच नाही."

सूनबाई हळूच कपाटाकडे गेली आणि तिने आपला डबा काढला.

डबा म्हणजे खेळ खेळायचा कन्सोल. पांढरा, वीट उभी ठेवावी तेवढा. सूनबाईने माहेराहून आणलेला एकमेव ऐवज. त्याच्या पोटात तबकडी फिरायची, पण फक्त त्याच्या स्वतःच्या खेळांची. परकी तबकडी घातली की तो गुरगुरून बाहेर ढकलायचा.

"हा डीव्हीडी दाखवेल," सूनबाई म्हणाली.

"याआधी का नाही दाखवली?"

"त्याला येतं सगळं. भिंग आहे, मोटर आहे. पण ज्यांनी बनवला त्यांनी मनाई केलीय. जगभर काही रिकामटेकड्या हुशार लोकांनी ती मनाई मोडणारं सॉफ्टवेअर लिहिलंय. फुकट वाटतात. त्याला होमब्रू म्हणतात. म्हणजे घरगुती."

"घरगुती आहे ना? मग भेसळ नसणार. घाल."

"घालायचं कसं, हाच प्रश्न आहे. डबा अनोळखी काहीच आत घेत नाही. त्याला आधी भोवळ आणावी लागते."

"डोक्यात घालू काही?"

"नको!" सूनबाईने डब्याचं मेमरी कार्ड शेजारणीच्या लॅपटॉपला लावलं आणि टायपता टायपता सांगायला लागली. "हे बघा. लिफ्टमध्ये माणसं आठ. नववा शिरला की लिफ्ट ओरडते, बरोबर? का ओरडते, तर वजनाची घंटा बसवलेली असते. या डब्यात एक घोड्याचा जुना खेळ आहे. त्यात घोड्याला नाव देता येतं आणि ते नाव एका छोट्या खोलीत साठवलं जातं. तिथे घंटा बसवायची विसरलेत. लांब नाव कोंबलं की ते खोलीत मावत नाही, बाहेर येतं, आणि थेट लिफ्टमनच्या मांडीवर बसतं. लिफ्टमन घाबरून उठतो. तेवढ्यात त्याच्या स्टुलावर आपला माणूस जाऊन बसला, की मग लिफ्ट आपण म्हणू त्या मजल्यावर."

अक्काने जन्मात याहून स्पष्ट बोललेलं काही ऐकलं नव्हतं. "मग लांब नाव घाल की!"

सूनबाईने आधी एकाच अक्षराचा मारा केला. ककककक, असे दोनशे क. कार्ड डब्यात गेलं. डब्याचा रिमोट हवेत हलवायचा असतो आणि त्याला दिशा कळायला टीव्हीजवळ एक दांडी ठेवावी लागते. ती दांडी मुलगा मोजे समजून बोटीवर घेऊन गेला होता. सूनबाईने टीव्हीसमोर दोन मेणबत्त्या लावल्या. रिमोटला त्यांची धग दिसली आणि पडद्यावर हाताचा पंजा हलायला लागला. अक्काने तोंडात बोट घातलं.

पडद्यावर हिरवं कुरण आलं, तबेला आला, तबेलेवाला आला. त्याच्याशी जाऊन बोललं की तो घोड्याला हाक मारणार होता, आणि ती हाक मारताना डब्याला भोवळ यायची होती. तबेलेवाल्याने तोंड उघडलं.

"क-क-क," तो म्हणाला, आणि थांबला.

घोडा आला. डबा ठणठणीत.

"हे काय?" अक्का म्हणाली.

"एकच अक्षर पुन्हापुन्हा आलं की हा खेळ ते घडी घालून ठेवतो. त्याला वाटलं तबेलेवाला तोतरा आहे. वेगवेगळी अक्षरं पाहिजेत. खरंखुरं, लांबलचक नाव."

अक्काने घोड्याकडे निरखून पाहिलं. लांब तोंड, खाली पडलेले ओठ, आणि डोळ्यांत सगळ्या जगावर उपकार केल्याचा भाव. "अगं," ती म्हणाली, "हा तर हुबेहूब माझ्या चुलत नणंदेच्या थोरल्या जावेचा मामेभाऊ!"

सूनबाईने तिच्याकडे पाहिलं. अक्काने सूनबाईकडे पाहिलं. दोघींच्या डोक्यात एकाच वेळी दिवा लागला.

'अक्काच्या चुलत नणंदेच्या थोरल्या जावेचा मामेभाऊ' असं नाव घालून सूनबाईने कार्ड परत डब्यात सारलं. तबेलेवाल्याने छाती भरून श्वास घेतला, अख्खं नाव एका दमात घेतलं, आणि घोडा दुडक्या चालीने आला. नाव खोलीत बसलं होतं. थोडं अंग चोरून, पण बसलं होतं.

"अजून लांब पाहिजे," सूनबाई म्हणाली. "आणखी एखादं नातं जोडा."

"उगाच कसं जोडू? नातं आहे तेवढंच असतं!"

सव्वातीन वाजले होते. दाराची कडी वाजली आणि तपासनीस आत आला. बगलेत पुस्तकाची छपाईआधीची शेवटची प्रत, खिशात सहीसाठी पेन. भर दुपारी पडदे ओढलेले, टीव्हीसमोर दोन मेणबत्त्या, आणि त्यांच्यापुढे बहीण आणि भाचेसून उभ्या. त्याने चटकन चपला काढल्या आणि आवाज खाली आणला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," अक्का म्हणाली. "घोड्याचं नाव ठेवतोय."

तपासनीस चष्मा पुसून पडद्याजवळ गेला आणि त्याने नाव वाचलं. वाचता वाचता त्याची मान हलायला लागली, आधी हळू, मग जोरात. चूक दिसली की ही मान हलायची. या मानेने आजवर अनेक दुकानदारांना रस्त्यावर आणलं होतं.

"मामेभाऊ? कुणी सांगितलं मामेभाऊ? तो मामेभावाचा साडू! माझ्या पुस्तकात परिशिष्ट तीन बघा."

सूनबाईने अक्काला कोपराने ढोसलं. अक्काने चेहरा इतका भोळा केला, की स्वतःला आरशात दिसला असता तर तिलाही खरा वाटला असता.

"असेल बाई," ती म्हणाली. "मला कुठलं एवढं आठवतंय? सूनबाई, भाऊ सांगतोय तसं लिही."

सूनबाईने लिहिलं. तबेलेवाल्याने हाक मारली. घोडा आला.

"आणि थोरल्या जावेचा कसा?" तपासनीस आता खुर्ची ओढून बसला होता. "थोरलीला मामाच नव्हता, मामेभाऊ आणेल कुठून? मधल्या जावेचा."

"मधली म्हणजे ती ठेंगणी?"

"ती धाकटी मधली. त्यांच्यात दोन मधल्या आहेत. ही थोरली मधली."

"अय्या, हो! मग तसं स्पष्ट लिहायला हवं, नाही का रे? नाहीतर उद्या कुणीतरी भलत्याच मधलीचा समजेल."

"समजेलच! लोकांना काय, नात्यांची पर्वाच नाही. लिही सूनबाई. दोन मधल्या जावांपैकी थोरल्या मधल्या जावेच्या."

सूनबाईची बोटं अशी पळत होती, की लॅपटॉपच्या कळांवरची दोन अक्षरं उडून छताला चिकटली. कार्ड आत, कार्ड बाहेर. तबेलेवाला घामाघूम झाला होता. हाक मारायच्या आधी तो आता टोपी काढायचा. पण नाव घ्यायचाच, आणि घोडा यायचाच. पावणेचार वाजले.

"सख्खा साडू की चुलत?" सूनबाईने विचारलं.

"सख्खा. पण दत्तक गेलेला."

"दत्तक गेल्यावर सख्खा राहतो का, मामा?"

हा प्रश्न विचारायला नको होता. किंवा हाच विचारायला हवा होता. तपासनीस उठला, येरझाऱ्या घालायला लागला, आणि वीस मिनिटं दोन्ही बाजूंनी स्वतःच वकिली केली. शेवटी दोन्ही पक्ष समेटावर आले. दत्तक गेलेला तरीही सख्खा साडू. सूनबाईने टाइप केलं. तबेलेवाल्याने नाव घेतलं, घेता घेता दोनदा गुडघ्यावर बसला, पडदा पानासारखा थरथरला, रंग हिरव्याचे जांभळे झाले आणि परत हिरवे झाले. घोडा आला. लंगडत आला, पण आला.

"जरासं!" सूनबाई कुजबुजली. "अक्का, जरासंच राहिलंय! दोन-तीन अक्षरं!"

अक्काला काहीच सुचेना. सगळं नातं संपलं होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तपासनिसाने पेनाचं टोपण काढलं.

"झालं तुमचं? मग सही कर, अक्का."

ती पुस्तक हातात घेणार, तेवढ्यात त्याची नजर परत पडद्यावर गेली आणि कपाळाला आठी पडली.

"थांब. 'साडू' काय? नुसतं साडू? आपल्यापेक्षा वयाने मोठे आहेत ते! मान ठेवून बोलायची काही पद्धत? साडूसाहेब म्हणा."

सूनबाईने श्वास रोखून तीन अक्षरं घातली.

तबेलेवाला पुढे आला. त्याने टोपी काढली, छातीवर धरली. 'अक्काच्या चुलत नणंदेच्या दोन मधल्या जावांपैकी थोरल्या मधल्या जावेच्या मामेभावाचे दत्तक गेलेले तरीही सख्खे साडूसा…' म्हणेपर्यंत त्याचे डोळे फिरले. कुरण उजवीकडे कललं. तबेला आकाशात गेला. घोड्याने एकदा अक्काकडे पाहिलं, अगदी साडूसाहेब जेवण आवडलं नाही की पाहायचे तसं, आणि तो चौकोन चौकोन होऊन विरघळला. पडदा काळा पडला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धो धो धावायला लागल्या.

"भोवळ आली!" सूनबाई टेबलावर चढून ओरडली. "उठला लिफ्टमन! उठला!"

"कोण उठला? काय मोडलंत तुम्ही?" तपासनीस खुर्चीच्या मागे गेला होता.

"आम्ही नाही, तूच मोडलंस!" अक्का टाळ्या पिटत म्हणाली. "गुणाचा माझा भाऊ!"

पुढचं काम सूनबाईने डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. घरगुती सॉफ्टवेअरची यादी पडद्यावर आली. तिने डीव्हीडी दाखवणारं निवडलं आणि तबकडी डब्यात सारली. डबा गुरगुरला. पण बाहेर ढकलेना. फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि मग ओळ आली: वाचता येत नाही.

"चरे पडलेत आणि मळलीय," सूनबाईने तबकडी काढून उजेडात धरली आणि बाहीने गोल गोल पुसायला लागली.

"ए! ए! हात काढ!" अक्का बावीस वर्षांपूर्वीच्या मुकादमाच्या आवाजात गरजली. "असं गोल पुसतात होय? मळ फिरत बसतो जागच्या जागी. मधून बाहेर, सरळ. एकदाच. आण इकडे." तिने कोमट पाण्यात बोट बुडवलं, साबणाचा एक थेंब घेतला, जुन्या मऊ सुती कापडाने मधून कडेकडे अशा रेघा ओढल्या. बावीस वर्षांचा डाग होता. बाईने आठ हॉटेलांचे डाग काढलेले. तबकडी अशी लखलखली, की तिच्यात तपासनिसाला आपलं टक्कल दिसलं आणि तो दचकला.

डब्याने ती घेतली. एक घोट गिळावा तसा आवाज आला.

पडद्यावर बाग. बागेत नवरा-नवरी. नवरा नवरीच्या डोळ्यांत बघतोय, नवरी नवऱ्याच्या खांद्यावरच्या मुंगीकडे बघतेय. मागे रस्ता, लाँड्रीची गच्ची, औषधवाल्याची पाटी. शूटिंगवाला बाहेरून सांगतोय, "दादा, हसा. ताई, लाजा."

मग वरच्या कोपऱ्यातून काहीतरी पांढरं आलं.

पांढरं मोठं झालं. ती चादर होती, पोट फुगवून आलेली, आणि तिच्याखाली दोन मुठी, दोन चपला आणि मधे अक्का. कठड्याच्या वर, विजेच्या खांबाच्या वर, पाटीच्या कितीतरी वर. ती रस्ता ओलांडून गेली. गादीवाल्याच्या गच्चीवरून पुढे गेली. मग वारा फिरला आणि ती परत आली. रस्त्यावरून उलटी गेली, लाँड्रीला वळसा घालून नवऱ्याच्या डोक्यावरून तिने तिसऱ्यांदा रस्ता ओलांडला.

"तीनदा!" सूनबाई म्हणाली. "अक्का, तुम्ही तर एकदाच म्हणायचात!"

"मला काय माहीत?" अक्का पडद्याला नाक लावून उभी होती. "माझे डोळे मिटलेले होते!"

होतेच. कुणाला मान लववली नव्हती, बट खोचली नव्हती, पाटी वाचली नव्हती. पडद्यावरच्या अक्काने डोळे गच्च मिटले होते आणि तोंड मात्र सताड उघडं होतं. ती काहीतरी ओरडत होती.

"आवाज वाढव," तपासनीस म्हणाला.

सूनबाईने आवाज वाढवला. शूटिंगवाल्याचं 'लाजा, लाजा', मग वारा, चादरीचा फडफडाट, आणि त्यातून अक्काचा टिपेचा सूर: "बाळ्याऽऽऽ! अरे बाळ्याऽऽऽ! मला धऽऽऽर!"

तपासनिसाला बाळ्या म्हणणारं त्या दिवशीही जगात कुणी नव्हतं. पहिला शिक्का हातात आला तेव्हा त्यानेच ते नाव बंद करायला लावलं होतं, आणि अक्काने पाळलंही होतं. जमिनीवर असताना पाळलं होतं.

तो खुर्चीत बसला. पडद्यावरची अक्का गाद्यांवर उतरली, झोपलेल्या गादीवाल्याच्या शेजारी, आणि चादरीचं एकही टोक जमिनीला लागलं नाही.

"मला हाक मारलीस," तो म्हणाला.

"मग काय अग्निशमन दलाला मारू? त्यांना मी कुठे कडेवर खेळवलं होतं?"

"मी कुठे होतो तेव्हा?"

"ऑफिसात. कुणाचं तरी दुकान जळलं नाही म्हणून लिहीत असशील."

तपासनिसाने नाक पुसलं. मग चष्मा पुसला, मधून बाहेर, सरळ. "परत लाव," तो म्हणाला. आणि परत. आणि परत. चौथ्यांदा त्याने पडद्यावर टेप धरून उंची मोजली, विजेच्या खांबाशी हिशेब जुळवला आणि एकदम उडीच मारली. "एकेचाळीस फूट! अक्का, तू पस्तीस म्हणायचीस! तू कमी सांगत होतीस!"

"सवय नाही रे मला फुगवून सांगायची," अक्का म्हणाली, आणि सूनबाईला इतकं हसू फुटलं की ती टेबलावरून खाली आली ती बसूनच.

पाचला चार मिनिटं कमी होती. तपासनिसाने फोन लावला.

"पान एकशे सत्तेचाळीस," तो छापखानेवाल्याला म्हणाला. "एक शब्द बदलायचाय."

"साहेब, पानं बसवून झालीत," फोनमधून आवाज आला. "शब्दाला शब्द बदलतो, पण जागा तेवढीच. कमी नको, जास्त नको. एक अक्षर हललं तर पुढची पासष्ट पानं सरकतात."

"तीनदा ओलांडला तेही लिही!" अक्का मागून म्हणाली. "एकेचाळीस फूटही लिही!"

"जागा नाही गं! 'घसरली' काढा, काका."

"काढलं. काय घालू?"

"उडाली."

"कोण उडाली?"

"माझी बहीण."

मग छापखानेवाला म्हणाला, "बरं. पण साहेब, घसरलीची अक्षरं चार. उडालीची तीन. एक खिंडार राहतं. टिंब देऊ? की वेलबुट्टी घालू? चांगली आहे माझ्याकडे, लग्नपत्रिकेतली."

तपासनिसाने टीव्हीकडे पाहिलं. तिथे अक्का सहाव्यांदा कठड्यावरून उचलली जात होती, तोंड उघडं, डोळे मिटलेले, मुठी घट्ट.

"च घाला," तो म्हणाला.

"काय घालू?"

"च! चमच्यातला च! 'अक्का एकदा लाँड्रीच्या गच्चीवरून उडालीच.' बसतंय?"

"बसलं, साहेब. एकदम फिट्ट."

"आणि तो च जरा जाड घ्या हो!" अक्काने फोनच्या दिशेने हाक मारली. तिच्या हातातल्या पेनाने सही करून झालीसुद्धा होती.